मला काय धाड भरलीय?

आमच्या आक्काच्या घरी दाराच्या मागं खुंटीला एक नायलॉनची पिशवी लटकलेली असते. ती कुठल्या तरी साडीच्या दुकानातून आली असावी. दुकानाचं नाव कधीच पुसून गेलंय, फक्त 'शुभ' एवढं शिल्लक आहे. घरातला सगळा आजार या पिशवीत राहतो. आण्णांचे म्हणजे आक्काच्या मालकांचे शुगरचे रिपोर्ट, सासूबाईंच्या मोतीबिंदूचे कागद, थोरल्याच्या मुतखड्याची सोनोग्राफी, धाकट्याचा टायफॉईड, सुनेच्या बाळंतपणाचं कार्ड, नातवाच्या लसींचं कार्ड. सगळ्यात आत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला, म्हशीचा कागद. आक्का चौथी शिकलेली आहे, पण ती कागद वाचत नाही, हातानं ओळखते. रात्री लाईट गेलेली असताना तिनं अंधारात हात घालून आण्णांचं 'तीन महिन्याचं शुगर' अचूक बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

आक्का माझी नात्यानं चुलती. करमाळ्यात देवीच्या माळाकडं जाणाऱ्या रस्त्याला तिची वस्ती आहे. दोन एकर रान, एक म्हैस, पाच माणसं आणि एक नातू. घरात कुणी शिंकलं की आक्का हळद घालून दूध ठेवते, दोनदा शिंकलं की मला फोन करते. माझं खताचं दुकान एसटी स्टँडजवळ आणि दारात मोटारसायकल, त्यामुळं या कुटुंबाची रुग्णवाहिका मीच. गेल्या दहा वर्षांत मी सगळ्यांना दवाखान्यात नेलंय. मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून आक्का, आणि आमच्या दोघांच्या मधे आजारी माणूस चेपून बसवलेला. आक्का स्वतः मधल्या जागेवर कधी बसली नाही.

"आक्का, तुझी एकदा तपासणी करून घे की," असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं.

"मला काय धाड भरलीय?"

हे झालं ठाम उत्तर. सौम्य उत्तर म्हणजे "बघू की नंतर". या 'नंतर'ला आक्काच्या वर्षात कुठं जागा असेल म्हणून मी एकदा शोधायला बसलो. चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, शेवया. त्याच्यावर लग्नसराई. आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या तालुक्यातून पंढरीला जाते, तेव्हा वारकऱ्यांना भाकरी. मग श्रावण, मग गौरी, मग नवरात्र, मग दिवाळी. दिवाळी झाली की ऊसतोड. मधे लेकीकडं कंदरला केळीची तोड, म्हणजे तोडणाऱ्या माणसांचा स्वयंपाक. राहता राहिला पौष, तर पौषात चांगलं काम काढू नये.

ही बाई फक्त करमाळ्यातच सापडते असं समजू नका. माझी बहीण पुण्यात आयटीत आहे, बूट घालून चालायला जाते, मोबाईलवर पावलं मोजते. मार्चमध्ये महिला दिनाची सवलत म्हणून तिनं सगळ्या अंगाच्या तपासणीचं पॅकेज घेतलं. सकाळी सातला रक्त न्यायला मुलगा दारात आला, तेव्हा ही डबे भरत होती. शेवटी पैसे वाया जायला नकोत म्हणून नवऱ्याला पुढं बसवलं. सवलत महिला दिनाची, रक्त भावजींचं. ही आक्काची शहरी आवृत्ती. फरक एवढाच की हिच्या पिशवीला झिप आहे.

आता आक्का निष्काळजी आहे असं म्हणाल तर म्हशीला विचारा. म्हशीनं सकाळी अर्धा लिटर दूध कमी दिलं की साडेसहाला जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो. एकदा मी तिथंच होतो. डॉक्टर आले, थर्मामीटर लावला, काही नाही म्हणाले. आक्काचं समाधान झालं नाही. तिनं म्हशीच्या डोळ्याची खालची पापणी दोन बोटांनी ओढून दाखवली.

"बघा की, फिकी दिसती. रगात कमी झालंय हिचं."

डॉक्टरांनी म्हशीची पापणी बघितली, मग मान वर करून आक्काकडं बघितलं.

"आक्का, म्हशीची ठीक आहे. तुमचीच फिकी दिसतीय."

"माझं दूध डेअरीला जात न्हाय," आक्का म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, देवीच्या माळावरच्या बारवेच्या पायऱ्यांवरून तिचा आणि माझा वाद झाला होता. कमलाभवानीच्या देवळाला ९६ खांब आणि बारवेला ९६ पायऱ्या, हे आमच्याकडं पोरगं बोलायला लागलं की आधी शिकतं. आक्का पायऱ्या उतरून वर आली, मधे दोनदा कठड्याला टेकली, आणि म्हणाली, "पायऱ्या वाढीवल्यात वाटतं." मी म्हटलं, अगं, अठराव्या शतकातलं बांधकाम आहे, निंबाळकरांच्या काळातलं, आता कोण वाढवणार? तर म्हणाली, "पुरातत्ववाले काय बी करत्यात."

आणि त्याच वर्षी घटस्थापनेला, २६ सप्टेंबरला, राज्य सरकारनं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान सुरू केलं. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी. देवीचे नऊ दिवस बघून मुहूर्त धरलेला. ज्यांनी कुणी तो धरला त्यांच्या घरी नवरात्र कोण करतं हे एकदा विचारायला हवं. कारण बाईला वर्षातून नऊ दिवस अजिबात सवड नसेल तर ते हेच. (पुढं २०२५ला 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' आलं, १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. नाव बदललं, नवरात्र पुन्हा सापडलंच.) रिक्षाला कर्णा बांधून घोषणा सुरू झाली. आक्कानं ती पूर्ण ऐकून घेतली.

"माता गेली शिबिराला. घराला कुलूप. दूध उतू, म्हैस मोकळी, पोरगं चुलीपाशी. आन् म्हणं घर सुरक्षित!"

शिबिराच्या आधी आशाताई फॉर्म भरायला वस्तीवर आल्या. आशाताई गावच्याच, आक्काच्या हाताखाली वाढलेल्या, तरी सरकारी कागद हातात असला की 'तुम्ही' म्हणतात. फॉर्म साधा असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचं माप, व्यायाम, आई-बापाला किंवा भावंडांना बीपी-शुगर-हृदयाचा आजार आहे का, एवढ्यावर गुण द्यायचे. बेरीज चारच्या वर गेली की धोका जास्त समजून आधी पाठवायचं. मी दारात शेंगा फोडत बसलो होतो.

"आक्का, वय?"

"घाल चाळीस."

"तुमचा थोरला तेहतीसचा आहे."

"मग घाल पंचेचाळीस. तुला काय त्रास हाय?"

आधार कार्ड आणावं लागलं. ते अर्थातच पिशवीत. त्यावर १ जानेवारी १९७०. आमच्याकडं त्या पिढीतले निम्मे लोक एक जानेवारीला आणि उरलेले एक जूनला जन्मलेत. बावन्न.

"तंबाखू खाता?"

"छ्या! मी काय गडीमाणूस हाय?"

हे म्हणताना आक्काच्या डाव्या हाताच्या तर्जनीला मिसरी लागलेली होती. आशाताईंनी बोटाकडं बघितलं. आक्कानं बोटाकडं बघितलं. बोट पदराखाली गेलं.

"ती मिसरी हाय. दात घासायला."

"दिवसातनं किती वेळा घासता?"

"पाच-सहा वेळा. दात माझं सोच्छ असत्यात."

मग टेप निघाली. आक्कानं सवयीनं हात वर करून छाती पुढं केली. ब्लाऊज नव्हे, कंबर, असं समजावल्यावर तिनं पोट आत ओढून श्वास धरला आणि चेहरा लाल होईपर्यंत सोडला नाही. ऐंशी सेंटिमीटरपर्यंत गुण नाही, पुढं नव्वदपर्यंत एक. टेप शहाऐंशीला थांबली. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करता का, या प्रश्नावर ती इतकी हसली की सासूबाई आतून "काय झालं गं?" म्हणून ओरडल्या. दीडशे मिनिटं तिची सकाळी गोठ्यातच संपतात. तिथं शून्य गुण, म्हणजे चांगलं.

"आई-वडिलांना काही होतं? बीपी, हार्ट?"

"आमच्यात कुणाला कसलाच आजार न्हाय. दादा तर धट्टंकट्टं व्हतं."

"मग कशानं गेले?"

"असंच. बैलाला वैरण टाकून आलं, पाणी मागितलं, टेकून बसलं आन् गेलं. आजार न्हवता. वय झालं व्हतं."

"किती होतं वय?"

"बावन्न."

आशाताईंचं पेन थांबलं. आक्काही थांबली. गोठ्यात म्हशीनं शेपटी आपटली, तेवढाच आवाज झाला.

"इचार पुढचं," आक्का म्हणाली.

पुढचं काही नव्हतं. बेरीज आठ झाली.

"आठ? आन् जाऊबाईस्नी किती पडलं?"

"पाच."

आक्काच्या तोंडावर जी कळा आली ती मी तिच्या थोरल्याच्या दहावीच्या निकालालाही बघितली नव्हती. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन वस्त्यांवर 'आक्काला आठ पडले' ही बातमी गेली. धोक्याचे आहेत हे सांगायला आशाताई मागून हिंडत होत्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बायकांना तपासणीला न्यायचं म्हटलं की आमच्या भागात आक्काइतकी पटवणारी दुसरी बाई नाही. त्याचं कारण तिचं माहेर. ते आताच्या धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथं तिच्या थोरल्या वहिनीला बार्शीच्या माणसांनी तपासलं होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं मुंबईच्या टाटाबरोबर काम करत खेडोपाडी फिरायची. १९८७ पासून तिथं खेड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली तशी पहिलीच. १९९९ ते २००३ या काळात त्यांनी त्या जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका एका अभ्यासात घेतल्या. गावांचे चार गट केले. तीन गटांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. निकाल २००९ मध्ये अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरच्या डॉक्टरांना जे कळलं ते आक्काच्या माहेरच्या बायकांमुळं कळलं. यातलं काही आक्काला ठाऊक नाही. वहिनीच्या गावात साधी तपासणी होती, व्हिनेगरवाली. पातळ केलेलं व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, डाग पांढरा दिसला तर पुढं पाठवायचं. आक्काला व्हिनेगर हा पदार्थ फक्त स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाड्यावरून माहीत.

"वैनीला ते गाड्यावरचं लावलं. एक मिनिट. लाज वाटली म्हणं, पर एक मिनिटाची लाज हाय गं. नंतर चाळीस वर्सं हिंडाय मोकळी." हे भाषण ऐकून आतापर्यंत किती बायका उपजिल्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या असतील, देवीला ठाऊक. आक्का बाहेर बाकावर त्यांच्या चपला आणि पोरं सांभाळत बसायची.

तर शिबिराच्या दिवशी, चौथ्या माळेला, आक्का अकरा बायका घेऊन उपकेंद्रात हजर झाली. पुढं ती, मागं माळेनं बायका. नंबराच्या चिठ्ठ्या तिनंच वाटल्या, जावेला मागं ढकलून सुनेला पुढं घातलं, एका म्हातारीला सगळ्यात आधी बसवलं. सिस्टरना पाच मिनिटांत कळलं की शिबिर कोण चालवतंय. चिठ्ठ्या संपल्या तेव्हा आक्काकडं स्वतःसाठी चिठ्ठी उरली नव्हती. तिनं मोजूनच वाटल्या होत्या.

सूनबाई दंडाला पट्टा बांधून घ्यायला घाबरत होती. ऐनवेळी रडू लागली. सिस्टर अनुभवी. म्हणाल्या, "आक्का, तुम्ही जरा बसा. हिला दाखवते कसं असतं ते. नमुन्यापुरतं." सुनेसाठी म्हटल्यावर आक्का बसली. आधी शुगरही नमुन्यापुरतीच बघायची ठरली.

"काही खाल्लंय का सकाळपासून?"

"न्हाय बया. नऊ दिवस उपास असतोय माझा."

"म्हणजे काहीच नाही?"

"कायच न्हाय. नुसती भगर, दाण्याची आमटी, एक रताळं, दोन केळी. आन् च्या झाला दोनदा."

सिस्टरनी बोटाला टोचायची सुई खाली ठेवली. उपाशीपोटी म्हणजे उपास नव्हे, हे त्यांनी तीन प्रकारे सांगून बघितलं. परवा रिकाम्या पोटी या म्हणाल्या. आक्काला ते पटेना. "उपासाच्या दिवशी उपाशी ऱ्हायलं तर लोक काय म्हणतील?"

मग पट्टा बांधला. फुगवला. सोडला. सिस्टरनी परत फुगवला. १६८ आणि वरचा-खालचा म्हणतात त्यातला खालचा १०२. बोटातलं रक्त हिमोग्लोबिनसाठी घेतलं, ते ८.२ निघालं. बाईचं निदान बारा असावं लागतं. सिस्टर काही बोलायच्या आत आक्कानं दाराकडं बघितलं.

"हळू बोला. भायेर मी आणलेल्या बायका हायत."

"घाबरू नका. चालून आलाय, बोलताय. दहा मिनिटं तिथं खुर्चीत शांत बसा, मग परत बघू."

एवढ्या तपासण्यांत ही सगळ्यात अवघड निघाली. पहिल्या मिनिटात आक्कानं टेबलावरचे फॉर्म एका रेषेत लावले. दुसऱ्यात कापसाचा बोळा उचलून डब्यात टाकला. सिस्टरनी डोळे वटारले, तशी हात मांडीवर ठेवून बसली. निळी प्लास्टिकची खुर्ची, वर पंखा, बाहेर बायकांचा गलका, आणि करायला काही नाही. मी सुनेचा आधार झेरॉक्स करून परत आलो तर आक्का झोपली होती. मान एका खांद्यावर, तोंड थोडं उघडं, चपला सुटलेल्या. दिवसाढवळ्या झोपलेली आक्का मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. सूनबाईही बघत होती, दंडाला पट्टा बांधलेला, रडणं विसरून. सिस्टरनी दार अर्धं ओढून घेतलं. बाहेर म्हातारीनं बायकांना "श्शू" केलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली, कुणी उठवलं नाही.

शेवटी एक पातेलं कुठं तरी पडलं आणि आक्का दचकून उठली.

"शिजलं का?"

दुसऱ्यांदा बघितलं तर १६० आणि ९८. झोपेनं आठ पॉइंट उतरले होते. सिस्टरनी कार्ड केलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, आणखी दोन दिवस येऊन दाखवा म्हणाल्या, मग बीपीची गोळी ठरवू.

परतताना गाडीवर मधल्या जागेवर सूनबाई होती आणि मागं आक्का, पिशवी पोटाशी. ती बराच वेळ काही बोलली नाही. वस्तीच्या वळणाला म्हणाली, "घरी बोलू नगंस."

"का? आण्णांचं नाही का सगळ्यांना माहीत?"

"त्यांचं येगळं. त्यांच्यासंगं मी जाते." थोडं थांबून म्हणाली, "माझ्यासंगं पिशवी कोण धरंल?"

मी आरशात बघितलं. सूनबाईनं मान खाली घातली होती. मागं हात करून तिनं पिशवीचा एक बंद धरला होता, पण तो पिशवी पडू नये म्हणून की कशासाठी, ते मला विचारता आलं नाही.

कार्ड लपलं ते तीनच दिवस. आण्णा स्वतःचा शुगरचा कागद शोधायला पिशवीत हात घालून बसले. त्यांना हातानं ओळखता येत नाही, म्हणून त्यांनी सगळं खाटेवर ओतलं. दुधाच्या पिशवीत, म्हशीच्या कागदाच्या घडीत, नवंकोरं कार्ड.

"हे कुणाचं गं?"

"म्हशीचं."

"म्हशीचं बीपी काढत्यात?"

"आता निघालंय."

आण्णांनी कार्डावरचं नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावून वाचलं. मग उठून माठातलं पाणी घेतलं आणि तांब्या आक्काच्या पुढं नेऊन ठेवला. त्यांच्या संसारात पाण्याची वाहतूक उलट दिशेनं झाल्याची ही पहिलीच नोंद. आक्कानं तांब्याकडं असं बघितलं की त्यात काही पडलंय की काय.

आठव्या माळेला तिसऱ्यांदा बीपी बघून डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज एक, सकाळी, चुकवायची नाही. आशाताई पुडी घेऊन वस्तीवर आल्या. आक्का घटाला माळ घालत होती. तिनं हात पुसले, गोळी तळव्यावर घेतली, उलटी करून बघितली, वास घेतला.

"ही उपासाला चालती का?"

"चालते."

"साबुदाण्यासंगं घिऊ का भगरीसंगं?"

"पाण्यासंगं, आक्का."

"पाणी चालतंय," असं म्हणून तिनं सुनेला हाक मारली.